तलंगांचं पाणी

चैत्रातली ती सकाळ आधी कानांना कळायची, मग डोळ्यांना. अजून पुरतं उजाडलेलं नसायचं आणि अंगणातून खापरावर चोची वाजल्याचा आवाज यायचा. कोरडा, अधीर, थांबून थांबून येणारा. त्याच्या मागोमाग मातीचा वास. भिजलेल्या मातीच्या वासाचं कौतुक सगळेच करतात, पण वर्षभर न भिजलेल्या मातीलाही स्वतःचा असा एक वास असतो, हे लातूरला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. चुलीवर भाजायला टाकून विसरलेल्या ज्वारीसारखा तो करपट वास दाराच्या फटीतून आत यायचा, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायची, की या कोंबड्या रिकामं खापर इतक्या निष्ठेने का बरं टोचत असतील? काल इथे पाणी होतं एवढ्या आठवणीवर एखादा जीव रोज पहाटे उठून कामाला लागू शकतो का?

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादपासून वेगळं निघून स्वतःच्या नावाची पाटी मिळालेलं ते गाव त्या दिवसांत जरासं अवघडूनच वावरत होतं. दुकानांवरचा जुना जिल्हा खरवडून नवा रंगवणाऱ्या पेंटरांना उसंत नव्हती. कालपरवापर्यंत जिथे कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या तिथे टेबलखुर्च्या लागून कचेऱ्या थाटल्या जात होत्या. आणि चहाच्या प्रत्येक टपरीवर, आपण आता जिल्ह्याचे झालो म्हणजे नेमके कसले झालो, याची चर्चा अगदी तावातावाने चालायची. सगळे नवे साहेब नव्या जिल्ह्याला भेट देऊन गेले, पाऊस तेवढा फिरकला नाही! माझ्या पतींची बदली नांदेडहून अशाच एका नव्या कचेरीत झाली आणि गोदावरीचा काठ सोडून आम्ही इथे आलो. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललेलं पाहून डोळ्यांना पाण्याची सवय झालेली. ती मोडायला इथे आठवडासुद्धा लागला नाही. मी शिक्षिका. पण माझी बदली कुठल्याशा टेबलावर अडकून पडली होती, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यापाशी दिवसच्या दिवस मोकळे होते. मोकळा वेळ मिळाला की माणसं म्हणे भरतकाम करतात, देवधर्म करतात. मी कोंबड्या पाहत बसले. यात मला अजूनही काही कमीपणा वाटत नाही.

कोंबड्या आमच्या नव्हत्या, घरमालकीणबाईंच्या होत्या. त्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणे, म्हणून आम्हीही अक्का म्हणू लागलो. औशाकडे त्यांची शेती; मुलं-सुना शेतावर आणि अक्का इथे एकट्या, पुढच्या दोन खोल्यांत. मागच्या दोन आम्ही भाड्याने घेतलेल्या. मधे अंगण, अंगणात एक कडुलिंबाचं झाड आणि एक आड. खोली दाखवताना अक्कांनी आमचं आडनाव विचारलं होतं, आणि ते ऐकल्यावर क्षणभर त्यांचा पदर सारखा करण्याचा हात थांबला होता. आम्ही बौद्ध. असे थांबलेले हात आम्हाला ओळखू येतात, त्यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही. पण मग अक्का म्हणाल्या, "ऱ्हावा की. सरकारी मान्सं हाव, भांडनतंटा न्हाई करनार." पुढे तो हात पुन्हा कधी थांबलेला मी पाहिला नाही, हेही सांगायला हवं. आड कोरडा पडला होता, तेव्हा त्याला कोणी शिवावं आणि कोणी नाही हा प्रश्न उरलाच नव्हता. गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्या नळकांड्यासमोर सगळ्यांच्याच घागरी सारख्याच तोंड वासून उभ्या असायच्या.

तर त्या कोंबड्या. तुम्ही कधी कोंबड्यांकडे, त्या ताटात येण्याआधी, नीट पाहिलं आहे का? मला वाटायचं, कोंबडी म्हणजे एक पिसांचं गाठोडं, ज्याच्या डोक्यात दाण्याखेरीज काही शिरत नाही. केवढा हा माझा अडाणीपणा! अक्कांच्या त्या पाच कोंबड्यांचं एक रीतसर राज्य होतं. त्यात एक करड्या रंगाची, बसकी, एका डोळ्याने बघत चालणारी कोंबडी होती, तिला अक्का कारभारीण म्हणत. दाणे पडले की पहिली चोच तिची; लिंबाखालची गार माती उकरून लोळायची वेळ झाली की पहिली जागा तिची. तिच्याखालोखाल एक तांबडी, तिच्याखाली दोन काळ्या, आणि सगळ्यांत शेवटी एक पिसं झडलेली बिचारी, जिला कुणीही येताजाता टोचावं. कुणी ओरडत नव्हतं, कुणाला फारसं लागतही नव्हतं. नुसती मान किंचित उचलली की समोरची वाट सोडायची. एवढी शिस्त माझ्या वर्गात मला कधी आणता आली नव्हती. ही उतरंड त्यांच्यात कुणी लावून दिली असेल? आणि एकदा लागली की ती रोज सकाळी सगळ्यांना बिनचूक आठवते तरी कशी?

या राज्यात माझ्या आईने नवे जीव आणले.

आई, म्हणजे आम्ही तिला मायच म्हणतो, मुदखेडजवळच्या आमच्या खेड्यात एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या साली खेड्यातली विहीर तळाला गेली आणि पाण्यासाठी रुळापलीकडच्या मळ्यापर्यंत चालत जायची पाळी आली. तिचे गुडघे आधीच कुरकुरणारे. डोक्यावर घागर घेऊन येताना ती दोनदा पडली, हे मला तिने नव्हे, गावाकडून आलेल्या एका माणसाने सांगितलं. मी हट्टच धरला, की आता इथे ये. ती आली, पण मोकळ्या हाताने नाही. अर्धापूरच्या केळीच्या वाळक्या सोपटांनी तोंड बांधलेलं एक डालगं छातीशी धरून ती एसटीतून उतरली. बांबूची विणलेली ती मोठी उभट टोपली. आणि तिच्या फटींतून चार कोवळ्या चोची बाहेर आलेल्या. अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला आमच्याकडे तलंग म्हणतात. त्या चार तलंगा मायने पिल्लांपासून वाढवलेल्या. गावात घर होतं, भांडी होती, शेजारीपाजारी होते; ते सगळं सोडता आलं तिला, पण या चौघींना कुणाच्या भरवशावर टाकता आलं नाही.

उंबऱ्यावर टेकून पाणी प्यायल्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही: "शालू, आदीच सांगते. ह्या पोरी इथं नांदल्या, तर मी बी ऱ्हाते. न्हाई नांदल्या तर मला मुदखेडच्या गाडीत बसवून द्यायचं. खामखा आडवायचं न्हाई." मी हसले. मायच्या अटी मला नव्या नव्हत्या. पण तिचे सुजलेले गुडघे पाहिले आणि हसू ओसरलं. गावी परत जाणं म्हणजे पुन्हा ती रुळापलीकडची वाट, ती घागर, आणि कधीतरी तिसऱ्यांदा पडणं. आणि या खेपेला उचलायला जवळ कुणी असेलच असं नाही. माझ्या आईचं राहणं न राहणं चार कोंबड्यांच्या संसारावर टांगलेलं, आणि त्या कोंबड्यांचा संसार कारभारणीच्या मर्जीवर! मनातल्या मनात मी त्या करड्या कोंबडीला नमस्कार घातला.

नव्या कोंबड्या जुन्यांत सोडायची एक रीत आहे. ती अक्कांना ठाऊक होती तशी मायलाही, आणि दोघींचं त्यावर लगेच एकमत झालं. अंगणाच्या मधोमध डालगं पालथं घालायचं, खाली तलंगा. आत त्यांना दाणापाणी. जुन्या कोंबड्यांनी बाहेरून येऊन पाहावं, फटीतून चोच घालून पाहावी, रागवावं, कंटाळावं, निघून जावं. असे काही दिवस गेले की नव्यांचं नवेपण जुन्यांच्या डोळ्यांत मुरतं. "डोळा भरला पायजे एकमेकींचा," माय म्हणायची. अक्का मान डोलवायच्या. लिंबाखाली बसून दोघी ज्वारी निवडायच्या, एकमेकींना तुम्ही-आम्ही करून बोलायच्या, आणि मी उंबऱ्यात बसून त्या सगळ्यांकडे पाहायची: दोन बाया आणि दोन बाजूंच्या कोंबड्या असा तो हिशेब होता.

किती चमत्कारिक असतं ते डालग्याखालचं जगणं! सगळं अंगण दिसतं, पण अंगणात पाऊल टाकता येत नाही. लग्न होऊन नांदेडला गेले तेव्हाचे माझे पहिले दिवस आठवले. शहरातल्या शाळेत रुजू झाले तेव्हा इतर बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आठवली. वाईट नव्हती ती, नुसती मोजणारी होती. या गावातले नवे साहेब आणि जुने व्यापारी एकमेकांना नमस्कार करताना असेच दोन पावलं अंतर राखून उभे असायचे. सगळ्याच नव्यांना आधी असं पाहू द्यावं लागतं का स्वतःला? आणि ज्यांना पाहिलं जातं, त्यांनी त्या काळात काय करावं? मायच्या तलंगा पिसं फुगवून झोपायच्या, आणि मला वाटतं तेच सर्वांत शहाणपणाचं होतं.

मग एके दिवशी तिन्हीसांजेला डालगं उचललं. दिवेलागणीला कोंबडीचे डोळे मंदावतात. त्या वेळी माय आणि अक्कांनी मिळून तलंगा एकेक करून जुन्यांच्या खुराड्यात, त्यांच्या अंगाला अंग लावून बसवल्या. अंधारात कुणी कुणाला टोचत नाही. सकाळी उठल्यावर शेजारी कोण निजलं होतं हे पाहून जुन्या चकित झाल्या असतील, पण रात्र तर सरून गेलेली! "आता झालं," अक्का म्हणाल्या. मलाही वाटलं, झालं. अंगणभर दाणे फेकले तेव्हा सगळ्या विखरून खाऊ लागल्या. दोनचार चोची बसल्या, थोडी पिसं उडाली, पण सगळ्या अंगणावर पहारा ठेवणं कारभारणीलाही जमण्यासारखं नव्हतं. तलंगा कडेकडेने खायला शिकल्या. दोन दिवस मी अगदी निश्चिंत होते.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर लक्षात आलं, की त्या पाणी पीत नाहीत.

पाण्याचं भांडं एकच होतं. फुटक्या माठाचं बूड, तळहाताएवढं खोल, लिंबाच्या बुंध्याशी टेकवलेलं. टँकरच्या पाण्यात माणसांचंच भागत नव्हतं. कोंबड्यांसाठी अक्का आपल्या वाट्यातून दिवसातून एकदा त्यात ओतायच्या. आणि ते ओतलं की कारभारीण तिथे येऊन ठाण मांडायची. प्यायची थोडं, उरलेला वेळ नुसती उभी. कोंबडी पाणी पिते तेव्हा चोच बुडवते, मान वर करते आणि घोट खाली उतरेपर्यंत आभाळाकडे बघते. किती सुंदर, किती कृतज्ञ दिसतं ते! कारभारीणही तशीच प्यायची, आणि मान खाली आली की त्याच चोचीने जवळ आलेल्या तलंगेच्या डोक्यात टोचायची. तांबडी प्यायची, काळ्या प्यायच्या, ती पिसं झडलेलीसुद्धा शेवटी का होईना प्यायची. नव्यांची पाळी येईपर्यंत खापर कोरडं झालेलं असायचं. दाण्यांच्या बाबतीत ज्यांनी सामावून घेतलं त्यांनीच पाण्याशी वाट अडवावी, हे मला कळेना. पाण्यात असं काय आहे, की वाटून घ्यायची वेळ आली की तिथेच आपलं-परकं जागं होतं?

दुपारी तलंगा भिंतीच्या बोटभर सावलीत पंख पसरून, चोची उघड्या टाकून बसू लागल्या. माय त्यांना उचलून खापराजवळ न्यायची, कारभारणीला हाताने दूर सारायची. पण दिवसभर कोण पहारा देणार? एका दुपारी ठिपक्याठिपक्यांच्या तलंगेने मान टाकली. डोळ्यांवर पांढरा पडदा ओढलेला, पाय थरथरणारे. मी ओरडले तशा अक्का धावत आल्या. त्यांनी पाहिलं, "अगं माय, पान्याविना मरायलीय की ही!" म्हणत आत गेल्या आणि मातीचं एक परळ भरून घेऊन आल्या. स्वतःच्या प्यायच्या माठातलं पाणी होतं ते. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीशी त्यांनी ते परळ ठेवलं आणि आपण काहीतरी चांगलं केलं या समाधानाने म्हणाल्या, "हे घ्या. तुमच्या पोरींना येगळं भांडं. आता कुनाचं कुनाला टोचनं न्हाई."

तलंगेशी टेकलेल्या मायने तिला उचलून माझ्या हातात दिलं. गुडघ्यावर हात ठेवत उठली, ते परळ दोन्ही हातांनी उचललं, थेंबही न सांडता चालत आली आणि त्यातलं पाणी लिंबाखालच्या खापरात ओतलं. रिकामं परळ तिने अक्कांच्या पायरीवर ठेवलं. "येगळं नगं, अक्का," एवढंच म्हणाली. अक्कांचा चेहरा पडला. "का बरं? माझं पानी काय वाईट हाय?" त्यांनी विचारलं. माय माझ्या हातातली तलंग घेऊन आत निघून गेली. भर दुष्काळात आपल्या माठातलं पाणी दुसऱ्याच्या कोंबडीला द्यावं आणि त्याचं असं व्हावं. अक्का दुखावल्या यात नवल ते काय? त्या दिवसापासून लिंबाखालची ज्वारी निवडणं बंद झालं.

मायने तसं का केलं हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या खेड्यात विहिरीवर आमच्या बायकांनी जायचं नाही अशी वर्षं तिने काढलेली होती. खाली थांबायचं, कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घ्यायचं. शेतात मजुरीला गेलं की मालकाच्या वळचणीला एक भांडं खोचलेलं असायचं, आमचं. ते आपणच काढायचं, आपणच घासायचं, आपणच परत खोचायचं. नव्या धम्माची दीक्षा घेतली तेव्हा माझे आईवडील तरुण होते. त्यानंतर मायने कोणाच्याही घरी, कितीही तहान लागली तरी, वेगळं काढलेल्या भांड्यातून पाणी घेतलं नाही. मी लहान असताना एकदा भर उन्हात एका दारावरून ती मला तशीच ओढत घेऊन आली होती. माझ्या घशाला कोरड, समोर भरलेला पेला, आणि तिचा हात माझ्या मनगटाभोवती घट्ट आवळलेला. तेव्हा मला तिचा फार राग आला होता.

आणि खरं सांगू? त्या दुपारीही आला. मी आत जाऊन म्हटलं, "माय, ही कोंबडी आहे. वेगळं काय आणि एक काय, तिला काय कळतंय?" ती ठिपक्याच्या तलंगेला मांडीवर घेऊन बसली होती. स्वतःच्या जेवणाच्या वाटीत तिने आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं होतं आणि त्या वाटीतून ती तिला पाजत होती. वर न बघता म्हणाली, "तिला न्हाई कळत. मला कळतंय की."

मी पुष्कळ विचार केला. माणसाच्या मानाचं ओझं एका मुक्या पाखराच्या तहानेवर लादावं का? कोंबड्या पाळणारं कुणीही सांगेल, की नव्यांना पाण्याची दुसरी जागा करून द्यावी. त्यात अपमान कसला? पण मग वाटायचं, अपमान भांड्यात नसतोच, तो भांडं ठेवणाऱ्या आणि उचलणाऱ्या हातांच्या आठवणीत असतो. आणि आठवणीला, ही कोंबडी आहे आणि ते माणूस होतं, असा भेद कुठला समजायला? मायचं चुकत होतं की बरोबर होतं, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही. तिची वाटी मात्र मला दिसते; त्याच वाटीतून पाणी पिणारी ती तलंग, आणि संध्याकाळी तीच वाटी धुऊन त्यात आमटी वाढून घेणारी माय.

तलंग वाचली. पण चौघींना दिवसभर वाटीने पाजत बसणं किती दिवस चालणार? दोन दिवसांनी माय म्हणाली, "जावयबापूंना सांग, मुदखेडच्या गाडीचं बगा म्हनावं. ह्या काय इथं नांदत न्हाईत." तिचं डालगं तिने झटकून दारात ठेवलं होतं. अक्कांच्या खोल्यांचं दार लोटलेलं. अंगण एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा खरवडल्याचा कर्कश आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर अक्का! लुगड्याचा काचा मारून स्टुलावर चढलेल्या, आणि वळचणीखालची पत्र्याची लांबलचक पन्हळ, जिच्यातून पावसाळ्यात छपराचं पाणी वाहतं, ती तारेतून सोडवत होत्या. मी धावले, दुसरं टोक धरलं. "अक्का, हे काय?" त्या धापा टाकत म्हणाल्या, "पावसाचा पत्त्या न्हाई. वर बांधून काय वाळवायची का हिला?" पन्हळ खाली आली. आम्ही दोघींनी ती लिंबाच्या एका बाजूपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत जमिनीवर आडवी ठेवली. दोन्ही टोकं उघडी होती. अक्का माती कालवायला वाकल्या, तेवढ्यात मागून मायचा हात आला. त्या हातात जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. एक टोक तिने चिंध्यांनी बुजवलं, दुसरं अक्कांनी शेणमातीने. मग अक्कांनी खापरात ओतायचं पाणी पन्हळीत ओतलं, आणि मायने आपल्या तांब्यातलं. बोटभर पाणी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं.

पुढचं मी जन्मात विसरणार नाही! कारभारीण आली आणि सवयीप्रमाणे पाण्याशी उभी राहिली. दूरच्या टोकाला ठिपक्याच्या तलंगेने चोच बुडवली. कारभारीण पंख उघडून तिकडे धावली. तोवर इकडच्या टोकाला दुसऱ्या दोघी प्यायल्या. ती परत इकडे आली, तलंगा तिकडे. किती वेळ ती बिचारी त्या पन्हळीच्या काठाने येरझाऱ्या घालत होती! एका जागी उभं राहून राज्य करायची सवय असलेल्या त्या जाड्या कोंबडीला धावायची कुठली सवय? शेवटी दमली. चोच उघडी टाकून मधेच थांबली, पन्हळीत वाकली आणि प्यायली. तिने मान वर केली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना तलंगाही मान वर करून आभाळाकडे बघत होत्या. कुणी कुणाला टोचलं नाही. मी मोठ्याने हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले हे कबूल करायला हवं. भांडं एकच होतं, फक्त ते कुणा एकीला अडवता येणार नाही एवढं लांब होतं. इतकी साधी गोष्ट! ती अक्कांना कशी सुचली असेल? नुसत्या कोंबड्यांचाच विचार केला असता तर परळच पुरलं असतं ना?

दिवस कलला तेव्हा दोघी पन्हळीच्या दोन टोकांना बसल्या होत्या. कोंबड्यांकडे बघत अक्का म्हणाल्या, "म्या ते परळ वाईट मनानं न्हवतं ठिवलं, बाई."

"ठावं हाय," माय म्हणाली. "पर आमच्या वाट्याला लई वर्सं येगळंच भांडं आलं. आता ह्या पोरींना तरी नगं वाटलं."

अक्का खाली बघत पन्हळीच्या पत्र्यावरून बोट फिरवत राहिल्या. मग हळू आवाजात, पण एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या, "आमच्या दाराला बी व्हतं. वळचनीला खोचलेलं, जर्मनचं भांडं. सासू म्हनायची वरून वत, आन् म्या वतायचे. रातभर झोप न्हाई आली मला. ते परळ ठिवताना माझा हात कसा आपोआप गेला बगा लांब, भितीकडं."

मला वाटलं माय आता उठेल. ती उठली नाही. काही क्षमा केली, काही समजावलं असंही तिने केलं नाही. मोठ्या दुःखांचा हिशेब एका संध्याकाळी मिटत नसतो, आणि तो मिटल्याचं नाटक करणं मायच्या स्वभावात नव्हतं. ती फक्त इतकंच बोलली, "उद्या टँकर हाय का?"

"हाय म्हन्तेत. भल्या सकाळीच येतो. घागरी आत्ताच लावून ठिवाव्या लागतेत फाटकापशी."

"मंग माझी बी लावा," माय म्हणाली. "तुमच्या घागरीला लागून ठिवा."

अक्का उठल्या. इतक्या महिन्यांत त्या आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. त्या आत आल्या, कोपऱ्यातली मायची घागर त्यांनी स्वतः उचलून कमरेवर घेतली, फाटकापाशी नेली आणि आपल्या घागरीला खेटून ठेवली. पितळेला पितळ लागल्याचा बारीक आवाज झाला. मी मायकडे पाहिलं. ती तिकडे बघतच नव्हती. सगळ्या कोंबड्यांना, अक्कांच्या आणि तिच्या, एका हाताने खुराड्याकडे हाकत होती. मला उभी पाहून नेहमीच्या त्रासिक आवाजात म्हणाली, "बगत काय ऱ्हायलीस? जावयबापूंना सांग, गाडीचं बगू नगा म्हनावं."